मापाचं औषध

५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. काल मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तू बरी होतीस. उजवा गुडघा बदलून आठवडा झालेली बाई इतकी बरी असूच शकत नाही, म्हणून आता पत्र लिहायला बसले आहे. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही.

डॉक्टरांशी माझं बोलणं झालं. त्यांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या आहेत. एक, नवा गुडघा आत्ताच वाकवायला हवा. वीस मार्चच्या तपासणीपर्यंत तो निदान काटकोनात वाकला नाही, तर पुन्हा भूल देऊन त्यांना तो जबरदस्तीने वाकवावा लागेल, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर पाय कायमचा आखडेल. दोन, वाकवताना भयंकर दुखणार, म्हणून व्यायामाच्या आधी त्यांनी दिलेली गोळी घ्यायची. थोडेच दिवस घ्यायची आहे, पण घ्यायची. घेतेस ना?

मी नक्की काय काम करते, हे तू मला विचारलं होतंस. पण ते भूल चढत असताना विचारलंस, त्यामुळे उत्तर तुझ्यापर्यंत पोचलं नसावं. पुन्हा सांगते. आपल्या मज्जापेशींवर एक पातळ पडदा असतो. त्या पडद्यातून एक लांब धागा सात वेळा आरपार गेलेला असतो. एक टोक बाहेर लोंबतं, दुसरं आत. ते सात टाके गोल करून उभे राहतात आणि त्यांच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला, एक खिसा तयार होतो. याला रिसेप्टर म्हणतात. अफूच्या जातीची औषधं, तुझी गोळीही त्यातलीच, या खिशात जाऊन बसतात. ती बसली की टाके जरासे सरकतात आणि पेशीला आतून निरोप मिळतो, की दुखण्याची ओरड पुढे पाठवू नकोस.

घोळ असा आहे की त्याच खिशातून श्वास मंद करण्याचाही निरोप जातो. जास्त औषध झालं तर माणूस दुखणं विसरतो आणि श्वास घेणंही विसरतो. आम्ही तो रिसेप्टर थिजवून त्याचे लाखो फोटो काढले, त्यांवरून खिशाचं अगदी अणू-अणूपर्यंत माप घेतलं, आणि आता पहिला निरोप देणारा पण दुसरा न देणारा रेणू मी बेतते आहे. तुझ्या भाषेत सांगायचं तर जुनी औषधं रेडिमेड आणि माझं मापाचं!

व्यायाम कर.

तुझी,
टाचणी


९ फेब्रुवारी

टाचणे,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात लिहीत बसत नाही.

इस्पितळातून परवा घरी आले. तिथे मला जो झगा घातला होता त्याला पाठच नव्हती. नुसत्या दोन नाड्या. चाळीस वर्षं मी कोट शिवते आहे, पण पाठ विसरलेला शिंपी माझ्या पाहण्यात नाही. मी तिथल्या नर्सला सुई-दोरा मागितला तर तिने मला झोपेचं औषध देऊ का विचारलं.

रोज सकाळी एक मुलगी येते, व्यायामवाली. दिसायला नाजूक, हात लोहाराचे. माझा पाय धरते, वाकवते आणि वर "छान, छान" म्हणते. यात छान काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. मग एक मोठा कोनमापक लावून किती वाकला ते बघते. परवा पासष्ट अंश होता. शाळेत मला भूमितीत एवढे मार्क कधी पडले नव्हते.

गोळ्यांची चिंता तू करू नकोस. वेळच्या वेळी काढून ठेवते.

तुझा रिसेप्टर मी नीट समजून घेतला. सात टाके पटले. पण खिसा बाहेरून उघडा आणि त्याला झाकण नाही, हे काम कोणाचं? येईल त्याने काहीही कोंबावं! माझ्या कोटाला असा खिसा ठेवला असता तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नसतं.

आता मुद्द्याचं. तुझं औषध कधी होतंय? माप घेऊन झालं म्हणतेस, म्हणजे बेतणं आणि शिवणं एवढंच उरलं. मी माप घेतल्यापासून पंधरा दिवसांत कोट देते, आणि मी तर शाळाही पुरी केलेली नाही. नक्की तारीख कळव.

आत्या


१३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत मोठ्याने वाचून दाखवलं. झाकणाच्या मुद्द्यावर आमचे साहेब म्हणाले, "तुमच्या आत्यांचा प्रश्न रास्त आहे." ते माझ्या कुठल्याच प्रश्नाला रास्त म्हणत नाहीत.

उत्तर असं, की तो खिसा मुळात अफूसाठी नाहीच. शरीर स्वतःच दुखणं शमवणारं औषध थोडं थोडं बनवत असतं आणि खिसा त्याच्यासाठी ठेवलेला आहे. जोरात धावलं, लागलं-बिगलं, पोट धरून हसलं, तरी ते पाझरतं. अफू आपली आगंतुक पाहुणी. बोलावलेलं नसताना येते, नेमकी जागा पटकावते आणि उठायचं नाव घेत नाही.

माझ्या औषधाचं चाललंय. उंदरांवरचे निकाल या आठवड्यात हातात येतील. तारखेचं म्हणशील तर ते आत्ताच सांगणं जरा अवघड आहे, कामं एकात एक अडकलेली असतात. पण चाललंय.

गोळ्या "काढून ठेवते" म्हणजे काय ते मला नीटसं कळलं नाही. असो. तुझी झोप कशी आहे? भूक लागते का? पोट रोज साफ होतं का? सहज विचारते आहे.

तुझी,
टाचणी


१७ फेब्रुवारी

टाचणे,

झोप येते तेवढी येते. भूक आहे. पोटाचं म्हणशील तर त्यावर घड्याळ लावून घ्यावं. सकाळचा चहा घशाखाली उतरला की पाचव्या मिनिटाला मी काठी शोधते. इस्पितळातून निघताना त्यांनी रेचकाची भलीमोठी बाटली गळ्यात मारली होती, तिचं सीलही फोडलेलं नाही. माझ्या वयाच्या बायकांना विचारून बघ, असं पोट कुणाचं नसेल.

गुडघा मात्र हट्टाला पेटलाय. गेल्या चार दिवसांत सत्तरच्या पुढे सरकला नाही. व्यायामवाली आता "छान" म्हणत नाही. नुसती बघते. ते जास्त वाईट.

पायमशीनवर चादर घालून ठेवली आहे. पलंगावरून समोर तेच दिसतं. पायटा मारायला गुडघा काटकोनात लागतो, हे तुला सांगायला नको, तू त्या पायट्यावर बसूनच लहानाची मोठी झालीस. एक अर्धवट कोट मशीनवरच राहिलाय, डाव्या बाहीशिवाय. गिऱ्हाईक म्हणालं, "सावकाश द्या." सावकाश द्या असं मला आजवर कोणी म्हणालं नव्हतं.

तू तारीख लिहायची विसरलीस.

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

तू गोळ्या घेत नाहीस!

तो सात टाक्यांचा खिसा नुसत्या डोक्यात आणि पाठीच्या कण्यात नसतो, आतड्यातही असतो. हुबेहूब तोच. गोळी डोक्यात दुखणं थांबवते आणि आतड्यात काम थांबवते, तिला दोन्हीकडचा खिसा सारखाच. म्हणून तर ती बाटली गळ्यात मारली होती. ही गोळी रोज घेणारी बाई चहानंतर पाचव्या मिनिटाला काठी शोधत नाही. ती आठवडाभर छताकडे बघत बसते.

पोटाने तुझं बिंग फोडलंय. कारण काय ते लिही. सवय लागेल म्हणून घाबरतेस का? डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरलेल्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी घ्यायची आहे. त्यांच्याशी बोल. आणि उलट टपाली उत्तर दे.

टाचणी


२४ फेब्रुवारी

टाचणे,

लाज नाही वाटली? सहज विचारते म्हणालीस आणि पत्रातून माझं पोट तपासलंस! पोलिसात का नाही गेलीस?

बरं, नाही घेत. उशीखाली डबीत ठेवल्या आहेत, सगळ्या. पण मी घाबरट नाही, हे आधी लिहून ठेव. सवयीला मी भीत नाही. चहा एकदा सोडला होता, तर मला काही झालं नाही, लोकच "घ्या हो घोटभर" म्हणून मागे लागले, म्हणून परत सुरू केला.

कारण सरळ आहे. तूच लिहिलंस, जुनी औषधं रेडिमेड आणि तुझं मापाचं. मी जन्मात रेडिमेड अंगाला लावलेलं नाही. तुझ्या बापाच्या लग्नात सगळे दुकानातून आणून घालत होते तेव्हाही नाही. घरची पोरगी मापाचं औषध बेतत असताना मी कुणाच्याही खिशात बसणारी गोळी गिळू? व्यायामवालीला मी सांगून टाकलंय, की बाई, आमचं औषध यायचंय, तोवर तू वाकवत राहा, मी ओरडत राहते.

दुखतं. ते काही खोटं नाही. काल ती वाकवत असताना मी तिला अशा काही शिव्या दिल्या, की तिने दोन लिहून घेतल्या. पण तुझं औषध मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं तर वीस तारखेपर्यंत काटकोन होतो, असा हिशोब मी मांडला आहे. तेवढं जमव. पोस्टाने पाठव, नीट गुंडाळून.

आत्या


२८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग अजिबात आलं नाही.

ऐक, माझ्या औषधाला जरासा उशीर आहे. थोडं काम राहिलंय. म्हणून तू आपली तोवर तात्पुरती डॉक्टरांची गोळी घे. तात्पुरती ग. अस्तर लावेपर्यंत आपण कच्चा धागा घालतो, तसं समज. माझं झालं की मी कळवतेच.

इथे हवा बरी आहे. काम भरपूर आहे. साहेबांची तब्येत उत्तम.

तुझी,
टाचणी


४ मार्च

टाचणे,

हवा आणि साहेबांची तब्येत कधीपासून लिहायला लागलीस?

"जरासा उशीर" मी ओळखून आहे. माझ्या धंद्यात उशीर दोनच कारणांनी होतो. एकतर कापडाला अजून कात्री लागलेली नसते, नाहीतर ते कापताना बिघडलेलं असतं आणि शिंप्याला तोंड दाखवायचं धैर्य नसतं. तुझं यातलं कोणतं?

खरं असेल ते लिही. मी बसलेलीच आहे, उठून कुठे जाणार! पण जोवर तू औषध येणार म्हणते आहेस तोवर मी थांबणार. कच्च्या धाग्यावर कोट घालून मी कुणाला घराबाहेर पाठवलेलं नाही.

गुडघा बहात्तर.

आत्या


८ मार्च

आत्या,

बिघडलंय.

निकाल चौदा फेब्रुवारीलाच आले होते. माझा रेणू खिशात अगदी बेतल्यासारखा बसला. उंदरांचं दुखणं पार गेलं. आम्ही पेढे... नाही, पेढेबिढे काही आणले नव्हते, पण आणायच्या बेतात होतो. आणि मग त्यांचा श्वास मंद होत गेला. जुन्या औषधाने होतो तितकाच, तसूभरही कमी नाही. आम्हाला वाटलं होतं दोन निरोप वेगळे करता येतील. माझ्या रेणूला तरी ते करता आले नाहीत. तू विचारशीलच म्हणून सांगते, उंदीर वाचले. खिसा अडवून धरणारं दुसरं एक औषध असतं, ते लगेच दिलं. ते उठले, मिशा साफ केल्या आणि खायला लागले. माझ्याच घशाखाली दोन दिवस काही उतरलं नाही.

साहेबांनी ते काम बंद केलं. आता मला विचारतात, की नव्या रेणूपासून पुन्हा सुरुवात करणार की दुसरं काम घेणार. मी उत्तर दिलेलं नाही. बहुतेक दुसरं काम घेईन. चार वर्षं गेली त्या खिशापायी, आता हिंमत होत नाही.

आणि हेही ऐक. ते बिघडलं नसतं तरी तुझ्या हातात पडायला दहा-बारा वर्षं लागली असती. उंदरांनंतर किती तपासण्या असतात! मी हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. पण "माझं मापाचं" लिहिताना मलाच इतकं भारी वाटलं, की पुढचं लिहावंसं वाटेना. मग तू पोस्टाची वाट बघायला लागलीस. माझ्यावर इतका भरवसा दुसऱ्या कुणी कधी ठेवला नाही ग, तो मोडवेना. माझ्या फुशारकीपायी तू महिनाभर ओरडत राहिलीस. हे आठवलं की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

माझं औषध येणार नाही, आत्या. म्हणून ती रेडिमेड घे. ती गबाळी आहे, तिच्याने पोट गच्च होईल, डोकं जड होईल, पण ती तुझ्या खिशात बसते आणि तुझा गुडघा वाकेल. आज डॉक्टरांना फोन केला होता. उशीर झाला असला तरी अजून वेळ गेलेली नाही म्हणाले. ते सांगतील तेवढीच घ्यायची आणि ते थांब म्हणाले की थांबायचं. उशीखालची डबी व्यायामवालीच्या हवाली कर, तिलाच देऊ दे.

मी येऊ का? तोंड दाखवायची लाज वाटते, पण येऊ का?

टाचणी


२१ मार्च

टाचणे,

मुद्दाम तेरा दिवस लिहिलं नाही. आधी काहीतरी सांगण्यासारखं होऊ दे म्हटलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रागाने पहिली गोळी घेतली. दुखणं जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. ते उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसलं. तिथून त्याची कुरकुर ऐकू येत होती, पण ते माझ्या उरावर नव्हतं. व्यायामवालीने पाय धरला, वाकवला, आणि मी शिवी द्यायला तोंड उघडलं तर आठवेचना. ती घाबरली. मला म्हणाली, "आजी, बऱ्या आहात ना?"

डोकं जड झालं, एकदा मी भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलले. पोटाचं तू सांगितलंस तसंच झालं. बाटलीचं सील फोडलं. याहून जास्त लिहिणार नाही, तू त्यावरून आणखी काही शोधून काढशील.

काल तपासणी होती. डॉक्टरांनी स्वतः कोनमापक लावला. पंच्याण्णव. पुन्हा भूल नको, जबरदस्ती नको, गोळ्याही आता कमी करत करत आठवड्याभरात बंद. ते मला गोळीचं काही समजावून सांगायला लागले, तर मीच त्यांना सात टाके आणि खिसा समजावला. कागद मागून चित्र काढून दाखवलं. त्यांच्या दाराबाहेर सहा माणसं खोळंबली होती. शेवटी ते म्हणाले, "हे मी शिकलो होतो, विसरलो होतो." मी म्हटलं, असू दे, होतं असं.

घरी येऊन मशीनवरची चादर काढली. स्टुलावर बसले. पाय पायट्यावर ठेवला, दाबला, आणि चाक फिरलं. चिंधीवर एक सरळ शिवण मारली. इतकी वाकडी शिवण मी आयुष्यात मारलेली नाही. मग तिथेच बसून रडले. दुखत नव्हतं, तरी रडले. महिनाभर मला वाटत होतं, की हे संपलं आणि मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

आता तुझं. तू बिघडवलंस याचा मला राग नाही. मी किती कोट बिघडवले ते गिऱ्हाइकांना ठाऊक नाही, एवढंच. राग याचा आला, की निकाल आल्यावर तू दोन दिवस उपाशी बसलीस, आणि मला काय लिहिलंस, तर साहेबांची तब्येत उत्तम! पुन्हा असं केलंस तर तुझी मी खबर घेईन. येऊ का म्हणून काय विचारतेस? किल्ली नाही का तुझ्याकडे? शनिवारी ये. गुडघा दाखवते आणि शिव्याही देते, आता सगळ्या आठवायला लागल्या आहेत.

आणि दुसरं काम घेण्याच्या आधी हे वाच. काल डॉक्टरांनी माझ्या डाव्या गुडघ्याचाही फोटो काढला. तोही जाणार म्हणाले. आत्ता नाही, पण दहा-एक वर्षांत, फार सांभाळला तर बारा. बदलावाच लागेल, म्हणाले. माझं तोंड बघून त्यांना वाटलं मी खचले. मी म्हटलं, नाही हो, मी हिशोब करत होते. माझी भाची बघते आहे त्याचं.

तेव्हा साहेबांना सांग, नवा रेणू घेते म्हणून. घाई करू नकोस, नीट बेत. तोवर मी आहे.

आत्या